इन्सुलिनच्या आकड्याची कुळकथा

रनाळ्यात काय किंवा नंदुरबार तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, वयात आलेल्या मुलीची मान काळवंडली की मळ समजून बेसन-लिंबाने घासली जाते. कातडी लाल होते, काळेपणा जात नाही. मखमलीसारखी जाडसर झालेली ती त्वचा रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असू शकते. सोबत पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या बीजकोश आणि संप्रेरकांच्या विकाराचा विचार करायलाच हवा.

साखर आणि पाळी यांचं नातं जुळायला फार वेळ लागला. दाढी येणाऱ्या बायकांच्या मधुमेहाबद्दल १९२१ मध्येच फ्रान्सच्या अशार आणि तिएर यांनी लिहिलं होतं. पण १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी या विकाराच्या सात बायकांची नोंद केली आणि सगळ्यांचं लक्ष बीजकोशांवरच खिळलं. शिवाय तेव्हा रक्तातलं इन्सुलिन मोजताही येत नव्हतं. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ते मोजून दाखवलं. मग १९८० मध्ये मेम्फिसच्या डॉक्टरांना दिसलं, की पीसीओएस असलेल्या बायकांत पुरुषी संप्रेरकं आणि इन्सुलिन जोडीनेच वाढलेली असतात. १९८९ मध्ये अँड्रिया डुनाइफ यांनी शरीर इन्सुलिनला दाद देत नाही हा दोष निव्वळ लठ्ठपणामुळे नसतो, हेही दाखवलं.

त्यांनी वापरलेली 'क्लॅम्प' चाचणी खात्रीची, पण तासन् तास चालणारी. शिरेतून इन्सुलिन सोडत राहायचं, रक्तातली साखर घसरू नये म्हणून ग्लुकोज देत राहायचं. जितकं कमी ग्लुकोज लागेल तितका शरीराचा इन्सुलिनला विरोध जास्त. हे दवाखान्यात रोज कोण करणार? म्हणून १९८५ मध्ये ऑक्सफर्डहून आलेला 'होमा'चा हिशेब पुढे सगळीकडे पसरला. उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅममध्ये) गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. साखर मिलिमोलमध्ये असेल तर भागाकार २२.५ ने. निरोगी माणसाचं इन्सुलिन ५ आणि साखर ४.५ मिलिमोल धरली, त्यांचा गुणाकार २२.५, म्हणजे त्याचा होमा १.

आकडा सुटसुटीत आहे, पण इन्सुलिनची मोजणी प्रयोगशाळेगणिक बदलते आणि सगळ्यांना लागू पडेल अशी मर्यादारेषा नाही. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पीसीओएसमध्ये इन्सुलिनची तपासणी सरसकट करू नका म्हणतात. हा महागडा रिपोर्ट हातात नाही म्हणून गावातल्या मुलीचं निदान अडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अडतं ते दुसरीकडे: मुलगी अंगाने बारीक दिसली की साखरेची शंकाच घेतली जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. वजनकाट्याला जे दिसत नाही ते कधी कधी साध्या टेपला दिसतं. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात.

खरी तपासणी साखरेची. उपाशीपोटी रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त. दुसरा आकडा १४० मिलिग्रॅमच्या आत हवा. २०० किंवा वर गेला तर मधुमेहाची शक्यता. गरोदर बायकांना ७५ ग्रॅमची ही पूड सरकारी तपासणीत माहीत झालेली आहे. पीसीओएस असेल तर वजन कितीही असो, ही चाचणी निदानाच्या वेळी आणि पुढे एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची असते.