बोहेमियन कलाकाच : निर्मात्यांची ओळख

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. तेथील कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडलेल्या शोभेच्या काचपात्रांना बोहेमियन कलाकाच असे म्हणतात. यांतील बहुसंख्य पात्रांवर निर्मात्याचे नाव नसते. त्यामुळे आकार, सजावट, तळ आणि कारखान्यांच्या जुन्या नोंदी यांवरून निर्माता ठरवावा लागतो. नावावर किंमत अवलंबून असल्याने या क्षेत्रात चुकीची नावे फार सहज रूढ झाली आहेत.

निर्माता कोण?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. काच फुंकणारा कारखाना आणि तिच्यावर नक्षी, मिनाकारी किंवा सोनेरी काम करणारी कार्यशाळा अनेकदा वेगळी असे. हायडा (आजचे नोव्ही बोर) आणि स्टाइनशोनाउ (आजचे कामेनिट्स्की शेनोव्ह) ही अशा सजावटकारांची गावे होती. तेथील कार्यशाळा इतर कारखान्यांकडून कोरी पात्रे विकत घेत. व्हिएन्नातील लोबमायर या पेढीने आपल्या नावाने विकलेली काचही बोहेमियातील कारखान्यांत घडत असे. म्हणून 'हे पात्र अमुक कारखान्याचे' असे म्हणताना काच की सजावट, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

शिक्के व सह्या

इंद्रधनुषी झाक असलेल्या काचेसाठी क्लोस्टरम्युले येथील ल्योट्झ हा कारखाना विख्यात आहे. माक्स फोन श्पाउन यांनी १८७९ मध्ये त्याची सूत्रे हाती घेतली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कारखान्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. 'ल्योट्झ ऑस्ट्रिया' ही कोरलेली सही मुख्यतः निर्यातीच्या पात्रांवर आढळते. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता, म्हणून तसा उल्लेख. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले, हेही अशा उल्लेखांमागचे एक कारण आहे. मात्र अस्सल ल्योट्झ पात्रे बहुधा सहीविनाच असतात. उलट साध्या पात्रावर ही सही मागाहून कोरल्याचे प्रकार घडले आहेत. सही हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

'चेकोस्लोव्हाकिया' या शिक्क्यावरून पात्र १९१८ नंतरचे एवढेच कळते. तो अनेक कारखाने वापरीत, त्यामुळे निर्मात्याचे नाव त्यातून मिळत नाही.

आकार व सजावट

ल्योट्झचे आकारांचे कागदी नमुने क्रमांकांसह टिकून राहिले आणि पुढे प्रकाशितही झाले. पात्राची बाह्यरेषा त्यांच्याशी ताडून पाहता येते, आणि आजची सर्वांत भक्कम कसोटी हीच आहे. इतर कारखान्यांबाबत असा आधार तुटपुंजा असल्याने ज्ञात पात्राशी आकार व सजावट जुळवत साखळीने पुढे जावे लागते. पहिली कडी चुकली की सारी साखळी चुकते. एलेओनोरेनहाइन (आजचे लेनोरा) येथील क्रालिक आणि टेप्लिट्स परिसरातील रिंड्सकोप्फ यांची इंद्रधनुषी काच दीर्घकाळ ल्योट्झची म्हणून विकली गेली, ती या घाईमुळेच. पृष्ठभागावर काचेच्या धाग्यांचे जाळे चढवलेली पात्रे पाल्मे-क्योनिग कारखान्याशी जोडली जातात. पण असे धागे इतरांनीही वापरले आहेत.

लाल काचेत आणखी एक भेद पाहावा लागतो. फ्रीडरिश ईगरमान यांनी विकसित केलेल्या लाल लेपात रंग पृष्ठभागावर अगदी पातळ असतो. दुपदरी काचेत मात्र कोरलेल्या कडेवर रंगीत थराची जाडी डोळ्यांना दिसते. लाल लेपाचे तंत्र पुढे सर्वत्र पसरले, तेव्हा प्रत्येक लाल पात्र ईगरमानांचे मानणे चूक आहे.

अतिनील प्रकाशात हिरवी चमकणारी युरेनियम काच योझेफ रीडेल यांनी प्रसिद्धीस आणली, पण चमक केवळ युरेनियमचे अस्तित्व सांगते. कार्ल्सबादच्या मोझर कारखान्याची निओडिमियमयुक्त जांभळी काच दिव्याच्या प्रकारानुसार निळसर दिसते. तेथेही हाच सावधपणा हवा.

तळ

पात्र लोखंडी सळईवर धरून पूर्ण केल्यावर तळाशी व्रण राहतो. चांगल्या पात्रांत तो घासून गुळगुळीत केलेला आढळतो. नित्य वापराने तळकडेवर पडणारे बारीक ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे असतात. एकाच दिशेचे, सारख्या खोलीचे ओरखडे संशय निर्माण करतात.

नोंदींची अडचण

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जर्मनभाषक काचकारांना देश सोडावा लागला. कागदपत्रे त्यात विखुरली. गावांची जर्मन नावे जाऊन चेक नावे आली, त्यामुळे जुनी यादी वाचताना नोयवेल्ट आणि नोव्ही स्वेत हे हाराख कारखान्याचे एकच गाव आहे, हे ठाऊक असावे लागते.