जिल्ह्याचा आराखडा नेमका कोण करते?

दर वर्षी जानेवारीच्या सुमारास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक ठरलेली बातमी येते. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक झाली, पुढील आर्थिक वर्षाच्या अमुक कोटींच्या प्रारूप आराखड्यास मान्यता मिळाली आणि वाढीव निधीची मागणी राज्यस्तरीय बैठकीत मांडण्याचे ठरले. बातमीत कोटींचा आकडा ठळक असतो. सदस्यांची खडाजंगी झाली असल्यास तीही असते. मात्र ‘आराखडा’ हा शब्द वाचून सामान्य वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते, म्हणजे वीस वर्षांनी या जिल्ह्यात वस्ती कोठे वाढेल, पाणी कोठून येईल, शेतजमीन कोणती राखली जाईल, ते या बैठकीत बहुधा चर्चेलाही येत नाही. राज्यघटनेला मात्र या समितीकडून नेमके तेच अपेक्षित आहे. घटनेतील अपेक्षा आणि प्रत्यक्ष कारभार यांत अंतर का पडले, हे समजण्यासाठी जिल्ह्याच्या कारभाराची घडण पाहावी लागते.

जिल्हा परिषदेची घडण

लोकनियुक्त संस्थांमार्फत ग्रामीण विकास साधावा, अशी शिफारस बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली केली. त्या समितीचा भर गटपातळीवरील पंचायत समितीवर होता. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. राज्य स्थापन होताच १९६० साली तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या समितीने जिल्हा हाच स्थानिक कारभाराचा मुख्य घटक मानला. तज्ज्ञ अधिकारी, यंत्रसामग्री आणि पुरेसा निधी गटापेक्षा जिल्ह्याच्या पातळीवर उभा करणे सोपे, हा त्यामागील विचार होता. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी जुन्या जिल्हा लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आज राज्यात ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा आहेत. मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत ग्रामीण क्षेत्र नसल्याने तेथे जिल्हा परिषद नाही.

प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, पशुवैद्यकीय दवाखाने, ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग, १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची लघुपाटबंधाऱ्याची कामे आणि ग्रामीण पाणीपुरवठा असा मोठा पसारा जिल्हा परिषदेकडे आहे. सर्वसाधारण सभा ही सर्वोच्च. तिच्याखाली स्थायी समिती व विषय समित्या असतात आणि प्रशासनाची सूत्रे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असतात. अध्यक्षाचा कार्यकाळ अडीच वर्षांचा आहे.

कामाचा पसारा मोठा असला तरी परिषदेच्या स्वतःच्या हातचा पैसा थोडा आहे. जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा आणि किरकोळ उत्पन्न मिळून जो स्वनिधी होतो, त्याला जिल्हा परिषदेच्या आवारात सगळे ‘सेस’ म्हणतात. सदस्यांना खऱ्या अर्थाने मुखत्यारी असते ती याच रकमेवर, आणि सर्वसाधारण सभेतील वादही बहुतेक याच रकमेच्या वाटपावरून होतात. उर्वरित सर्व निधी शासनाकडून योजनेचे नाव लावूनच येतो. चौदाव्या वित्त आयोगाने तर २०१५ ते २०२० या काळात आपला निधी केवळ ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी झाली. ज्या संस्थेकडे जिल्ह्याचा विचार करण्याची जबाबदारी सोपविली होती, तिच्या वाट्याला असा शेवटचा दहावा भाग आला.

घटनेतील तरतूद

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३-झेडडी अन्वये प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती बंधनकारक केली. पंचायती व नगरपालिकांनी केलेल्या योजना एकत्र करणे आणि संपूर्ण जिल्ह्यासाठी विकास योजनेचा मसुदा तयार करणे, हे तिचे काम. हा मसुदा करताना कशाकडे लक्ष द्यावे, हेही घटनेने सांगितले आहे. जमीनवापराचे नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्म विकास आणि पर्यावरणाचे रक्षण हे गाव आणि शहर यांच्या सामायिक हिताचे विषय त्यात आहेत. गावाचा पाझर तलाव आणि शहराची नळयोजना एकाच टेबलावर यावी, असा साधा अर्थ घेता येईल.

समितीतील किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असतात, तेही जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. चाळीस सदस्यांची समिती असेल तर बत्तीस जण असे निवडून आलेले असले पाहिजेत. हे प्रमाण आजही २०११ च्या जनगणनेवर ठरते. त्या जनगणनेत राज्याची ४५ टक्के लोकसंख्या नागरी भागात होती. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख अधिसूचित झाली आहे. तोवर शहराला लागून वाढलेल्या कित्येक वस्त्या कागदोपत्री गावेच राहतात.

अध्यक्ष कोणी असावे, हे घटनेने राज्यांवर सोपविले. केरळमध्ये जिल्हा पंचायतीचा अध्यक्षच नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. महाराष्ट्राने १९९८ साली केलेल्या कायद्यात हे पद मंत्र्याकडे आणि सदस्य-सचिवपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. या निवडीला इतिहास आहे. १९७० च्या दशकात राज्याने जिल्हापातळीवरील नियोजनास प्रारंभ केला तेव्हा जिल्हा नियोजन व विकास मंडळे मंत्र्यांच्याच अध्यक्षतेखाली चालत. घटनादुरुस्तीनंतर नाव बदलले. बैठकीची रीत मात्र बरीचशी जुनीच राहिली. स्थानिक संस्थांनी पाठविलेल्या योजनांचे एकत्रीकरण करणारी समिती अशी तिची ओळख न होता, राज्याकडून आलेल्या निधीची वाटणी करणारी समिती अशी झाली.

वर्षभराचे चक्र

नियोजन विभाग प्रत्येक जिल्ह्याला खर्चाची कमाल मर्यादा कळवितो. त्या मर्यादेत सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे तीन भाग असतात. जिल्हा नियोजन अधिकारी कार्यान्वयन यंत्रणांकडून मागण्या घेतात, लहान गट त्यांची छाननी करतो, समिती प्रारूप मंजूर करते आणि विभागवार राज्यस्तरीय बैठकीत वाढीव मागणीवर निर्णय होतो. मार्चमध्ये अर्थसंकल्पात तरतूद झाली की अंतिम नियतव्यय कळतो. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा प्रवास असतो. मध्ये एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता आली तर दोन महिने तसेच जातात.

परिणाम ठाऊक आहे. डिसेंबरपर्यंत खर्चाचे प्रमाण कमी दिसते, मग पुनर्विनियोजन होते. म्हणजे ज्या यंत्रणेला पैसा खर्च करता येत नाही तिच्याकडून काढून, ज्या यंत्रणेला करता येतो तिला दिला जातो. लवकर खर्च होणारे काम म्हणजे बहुधा रस्ता. ३०५४ आणि ५०५४ ही रस्त्यांची लेखाशीर्षे कित्येक सदस्यांना तोंडपाठ असतात, ती काही उगाच नव्हे. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढील आर्थिक वर्षातही खर्च करता येतो. राज्याच्या यंत्रणांचा निधी मात्र ३१ मार्चला व्यपगत होतो. मागील वर्षांच्या अपूर्ण कामांचे दायित्व आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून नवी कामे सुचवायची असतात. अशा चक्रात दहा वर्षांनी पूर्ण होणाऱ्या कामाला कोणी हात घालावा, अशी अपेक्षा करणेच कठीण.

जमीन एका विभागाची, पैसा दुसऱ्याचा

दीर्घ मुदतीचे नियोजन राज्यात अजिबात होत नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजना आणि शहरांच्या विकास योजना तयार होतात. त्यांचा पल्ला साधारण वीस वर्षांचा असतो. कोणती जमीन निवासी, कोणती शेतीसाठी, कोणता रस्ता किती रुंद, हे सर्व त्यांत असते. पण हे काम नगरविकास विभागाच्या अखत्यारीत चालते आणि जिल्हा वार्षिक योजना नियोजन विभागाच्या. एका नकाशात रस्ता आहे पण त्यासाठी पैसा नाही. दुसऱ्या आराखड्यात पैसा आहे, परंतु तो कोठे खर्च करावा हे सांगणारा नकाशा नाही. कलम २४३-झेडडीने ही दोन कामे एकाच समितीकडे यावीत असे सुचविले होते. ती एकत्र आली नाहीत, हे आपल्या जिल्हा नियोजनाचे मूळ दुखणे आहे.

पुण्याभोवतालच्या गावांत ते स्पष्ट दिसते. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या परिसराच्या जमिनीचे नियोजन आले. गावांतील शाळा, दवाखाने व अंतर्गत रस्ते ग्रामपंचायती व जिल्हा परिषदेकडेच होते. इमारतींना परवानगी एका कार्यालयाने द्यायची आणि त्यांतील मुलांसाठी वर्गखोल्या दुसऱ्याने बांधायच्या, अशी स्थिती झाली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली. २०१७ च्या यादीतील फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांच्यासाठी स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. सात वर्षांत या गावांतील रहिवासी ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे आणि महापालिकेकडून नगर परिषदेकडे गेले. पाणीपट्टी कोणाकडे भरायची, हे ठरेपर्यंत पाण्याचे नियोजन कोणी करायचे हा प्रश्न मागेच पडतो.

पल्ला वाढविण्याचे प्रयत्न

जिल्ह्यांतील असमतोल मोजण्याचा मोठा प्रयत्न प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने केला. राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा कोणत्या क्षेत्रात किती मागे आहे, हे तिने १९८४ च्या अहवालात रुपयांत मांडले आणि ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात रूढ झाला. या पद्धतीत मागे किती राहिलो ते कळते. पुढे कोठे जायचे, ते कळत नाही. डॉ. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरण्याचा विचार मांडला. जिल्ह्याच्या सरासरीत एखादा तालुका सहज झाकला जातो, त्यामुळे तो विचार योग्यच म्हणावा लागेल.

केंद्राने मागास क्षेत्र अनुदान निधी योजनेत देशातील २५० जिल्हे घेतले होते. त्यांत गडचिरोली, नंदुरबार, यवतमाळ, हिंगोली आदी महाराष्ट्रातील १२ जिल्हे होते. निधी हवा असेल तर जिल्ह्याने दीर्घकालीन आराखडा करावा आणि तो नियोजन समितीने मंजूर करावा, ही या योजनेची अट होती. ही अट आजवरच्या प्रयत्नांत सर्वांत उपयोगी ठरण्याजोगी होती. परंतु २०१५ च्या सुमारास योजनाच गुंडाळली गेली. त्याच वर्षी नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपल्यावर पाच वर्षांची चौकटही राहिली नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात ग्रामपंचायतींना पाच वर्षांचा आराखडा करावा लागला. गावाला पाच वर्षांचा आराखडा आणि जिल्ह्याला एका वर्षाचा, असा उलटा प्रकार त्यातून झाला. अलीकडे राज्याच्या ‘मित्र’ या संस्थेमार्फत जिल्ह्यांचे धोरणात्मक आराखडे करण्याचे काम पुढे आले असून, जिल्ह्यांची क्षमता वाढविण्यासाठी जागतिक बँकेने २०२४ मध्ये सुमारे १८.८ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. या आराखड्यांचा भर आर्थिक वाढीवर आहे. ते स्थानिक संस्थांच्या सभांतून येतात की जिल्हाधिकारी कार्यालयातून, यावर त्यांचे वजन ठरेल.

प्रतिनिधींविना समित्या

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. सर्वसाधारण सभेचे ठराव प्रशासकाच्या स्वाक्षरीने होऊ लागले. महापालिका व नगरपालिकांचीही तीच गत होती. याचा नियोजन समितीवर झालेला परिणाम फारसा चर्चेत आला नाही. ज्या सदस्यांतून समितीचे चार पंचमांश सदस्य यायचे, ते सदस्यच उरले नाहीत. मंत्री, जिल्हाधिकारी, नामनिर्देशित सदस्य आणि निमंत्रित आमदार-खासदार यांच्या बळावर हजारो कोटींचे वार्षिक आराखडे मंजूर होत गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली. नगर परिषदांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले.

स्थानिक संस्थांत सदस्य निवडून आले म्हणजे नियोजन समिती आपोआप भरत नाही. त्यासाठी सदस्यांमधून समितीची स्वतंत्र निवडणूक घ्यावी लागते. ती लांबली तर पुढील वर्षाचे प्रारूपही जुन्याच पद्धतीने मंजूर होते. गावाची मागणी आराखड्यात यायची असेल तर ग्रामसभेचा ठराव यंत्रणांकडून मागण्या मागविल्या जाण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, पंचायत समितीत पोहोचलेला असावा. जानेवारीतील बैठकीच्या वेळी यादी बहुतेक तयार झालेली असते.