आरागिरण्या बंद पडल्यावर : उपजीविकेच्या सांभाळाचा एक विचार

राजसत्तेनें एखादा कारखाना काढला तर त्याची मिति, सनद व पहिल्या कारभाऱ्याचें नांव दप्तरांत मिळतें. तो बंद पडल्यावर त्यावर पोट भरणाऱ्या लोकांचें काय झालें याचा कागद मात्र क्वचितच हातीं लागतो. त्यांतून लांकडाचा धंदा बहुधा रानालगतच्या गांवीं असावयाचा. तेथें एका गिरणीवर सुतार, गाडीवान, वाणी, लोहार आणि शाळा या सर्वांचा योगक्षेम चालतो. अशी गिरणी थांबली असतां आश्रितांस सांवरण्याचा प्रयत्न कसा झाला व तो कितपत सफल झाला, हें एका अर्वाचीन उदाहरणावरून पाहण्याचें योजिलें आहे.

विचाराला कांहीं माप हवें. तें आपल्याच दप्तरांत आहे. शिवछत्रपतींनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. गांवोगांव फिरावें, कोणापाशीं माणूसबळ, बैल व दाणा किती आहे तें पाहावें, ज्यास नाहीं त्यास बैलांस पैका व पोटास दाणा द्यावा, आणि पुढें तो तवाना झाल्यावर वाढीदिढी न घेतां मुद्दलच हळूहळू उगवून घ्यावें, असा त्याचा आशय आहे. यांतून तीन गोष्टी निघतात. मदत माणूस पाहून द्यावी. ती हंगाम टळण्यापूर्वीं पोंचावी. आणि फेडीची घाई करूं नये. इस्ताव्याच्या कौलांतही सारा वर्षानुवर्ष पायरीपायरीनें चढविण्याचें धोरण हेंच आहे.

आतां मूळ उदाहरण. अमेरिकेच्या वायव्येस ऑरेगन, वॉशिंग्टन व उत्तर कॅलिफोर्निया या प्रांतांत जुन्या अरण्यांच्या आधारानें शेंकडों लहान गांवें उभीं राहिलीं. तेथील बरीचशी जंगलें मध्यवर्ती सरकारचीं. जून १९९० मध्यें त्या अरण्यांतील ठिपकेदार घुबडाची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली. सन १९९१ मध्यें न्यायाधीश विल्यम ड्वायर यांच्या मनाईहुकुमानें सरकारी जंगलांतील लांकडाची विक्री बव्हंशीं थांबली. २ एप्रिल १९९३ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं पोर्टलंड येथें परिषद भरविली आणि एप्रिल १९९४ मध्यें नवी वनयोजना मंजूर झाली. योजनेच्या जोडीला पांच वर्षांत सुमारें १२० कोटि डॉलर खर्चण्याचा मदतीचा संकल्प जाहीर झाला.

या मदतीचे चार भाग होते. पहिला कामगार व त्यांचीं कुटुंबें यांसाठीं. त्यांत नवीन धंद्याचें शिक्षण मुख्य. दुसरा व्यापार व उद्योग यांसाठीं. त्यांत कर्जाच्या सवलती येत. तिसरा गांवांसाठीं, पाणी, सांडपाणी आदि सोयींस अनुदान. चौथा अरण्याच्या दुरुस्तीचा. ओढे सुधारणें, निरुपयोगी वनमार्ग मोडणें अशीं कामें जुन्या लांकूडतोड्यांस देण्याचा त्यांत हेतु होता.

याखेरीज एक जुना व्यवहार होता. सन १९०८ च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्थानिक शाळा व रस्ते यांस मिळे. तोड थांबतांच हा ओघही आटला, म्हणजे गिरणीशीं संबंध नसलेल्या शिक्षकासही तिची झळ लागली. सन २००० मध्यें नवा कायदा करून, सन १९८६ ते १९९९ यांतील सर्वांत अधिक उत्पन्नाच्या तीन वर्षांची सरासरी धरून रक्कम देण्याचें ठरलें. त्याची मुदत पुढें वारंवार वाढवून घ्यावी लागली. गिरणीचें गांव एकदां खचलें म्हणजे तें किती दीर्घकाळ परावलंबी राहतें याचा हा पुरावाच होय.

फलनिष्पत्तीविषयीं तेथील वनखात्यानें सन २००६ मध्यें प्रसिद्ध केलेलें पहिल्या दहा वर्षांचें समालोचन महत्त्वाचें आहे. त्याप्रमाणें सन १९९० ते २००० या काळांत या प्रदेशांत सुमारें ३०,००० लांकूडकामगारांचीं कामें गेलीं; पैकीं सुमारें १९,००० सन १९९४ पर्यंतच गेलीं होतीं. म्हणजे मदतीचा संकल्प अमलांत येण्यापूर्वींच बहुतेक हानि होऊन चुकली होती. शिक्षण घ्यावयाचें तें कोणत्या कामासाठीं, हा प्रश्नही गांवोगांव उभा राहिला. दुरुस्तीचीं कामें झालीं खरीं, पण तीं अल्पकालीन व हंगामी. गिरणीच्या बारमाही वेतनाची भरपाई त्यांनीं झाली नाहीं. तथापि पाणी व सांडपाणी यांच्या सोयी गांवांस मिळाल्या, आणि हा लाभ टिकाऊ ठरला.

एका लोकप्रवादाचें निरसन येथें अवश्य आहे. घुबडानें गिरण्या बुडविल्या असें सरसहा म्हटलें जातें. त्याच समालोचनांत सरकारी जंगलांतील तोड घटल्यामुळें गेलेलीं कामें सुमारें ११,४०० धरलीं आहेत. उरलेल्या हानीचीं कारणें खासगी जंगलांतूनही घटलेला पुरवठा, जुनाट गिरण्यांची पीछेहाट आणि थोड्या माणसांत काम करणारीं नवीं यंत्रें हीं आहेत. या निर्णयास व्यावहारिक महत्त्व आहे, कारण रोगाचें निदान चुकलें तर औषधही चुकतें. यंत्रानें काम गेलेल्या माणसास जंगल पुन्हा खुलें करून तें काम परत मिळत नाहीं.

वर सांगितलेलें माप लाविलें असतां असें दिसतें कीं, द्रव्याची उणीव त्या मानानें कमी होती. उणीव होती ती वेळेची व माणूस पाहून देण्याची.

हा विषय आपल्यापासून दूर नाहीं. गोदावर्मन् खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च १९९७ रोजीं महाराष्ट्र व उत्तर प्रदेश यांतील सर्व विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्याची आज्ञा दिली. अरण्यरक्षणाच्या दृष्टीनें ती योग्यच होती. आज्ञापत्रकार रामचंद्रपंत अमात्यांनींही आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेल्या आंब्याफणसांस हात लावूं नये, जीर्ण झाड घेणें तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असें बजावलें आहे. त्या उपदेशांत झाडाची काळजी व माणसाची काळजी अशा दोन काळज्या एकत्र आहेत. दोन्ही सांभाळल्या तरच न्याय पुरा होतो.

बंद झालेल्या आरागिरण्यांतील करवत्ये व हमाल पुढें कोठें गेले हें समजण्याचें मुख्य साधन म्हणजे त्या गिरण्यांचे हजेरीपट, रोजकीर्दी व खतावण्या. शंभर वर्षांपूर्वींची रोजकीर्द आपण रद्दीवाल्याच्या हातून सोडवून आणतों. तीस वर्षांपूर्वींची मात्र डोळ्यांदेखत जाऊं देतों. संग्राहकांनीं आपापल्या तालुक्यांतील जुन्या वखारींत जाऊन हे कागद मिळवावे, निदान त्यांच्या नकला करून ठेवाव्या, एवढीच विनंति आहे. ज्यांचीं नांवें केवळ हजेरीपटांत आहेत, त्यांच्या इतिहासाला दुसरें साधन नाहीं.