लखनौच्या उन्हातील परदेशी पाहुणे

परप्रांती बदली झालेला मराठी माणूस प्रथम मिरचीची चौकशी करतो. ती आपल्या घरचीच, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः मिरची आणि टोमॅटो ही आम्हां नोकरदारांसारखीच दूरदेशी नेमणूक झालेली मंडळी होत.

मूळची अमेरिका खंडातील मिरची पोर्तुगीजांनी 16व्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. मिऱ्यासारखी तिखट म्हणून ती मिरची झाली. अकबराच्या मुदपाकखान्याची हकीगत देणाऱ्या ‘ऐन-इ-अकबरी’त मिरे आहे, मिरची नाही. लखनौच्या जुन्या पाकशास्त्रात अद्यापही काळ्या मिऱ्याचा आणि पिवळ्या मिरचीचा मान मोठा आहे. टोमॅटो भारतात त्याहून उशिरा रुजला. 19व्या शतकात तो मुख्यतः साहेबांच्या बागांतून पिकत असे. बंगाल्यात त्याला ‘विलायती वांगे’ अशा अर्थाचे नाव पडले, वऱ्हाडात तो ‘भेदरे’ झाला. आपली ढोबळी मिरची येथे ‘शिमला मिर्च’ म्हणून ओळखली जाते. थंड हवेशी असलेले तिचे नाते त्या नावातच उरले आहे.

या पाहुण्यांनी लखनौचा उन्हाळा सोसला कसा? खरे पाहता, तो त्यांनी सोसलाच नाही. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून ‘लू’ वाहू लागते आणि पारा 40 अंशांवर चढतो. दिवसाची उष्णता 35 अंशांपलीकडे गेली आणि रात्रीही उकाड्याच्या राहिल्या, की टोमॅटोचे पराग निकामी होतात. झाड हिरवेगार दिसते, परंतु फूल गळून पडते. कितीही पाणी घातले तरी त्यावर उपाय होत नाही. मिरची अधिक काटक. तथापि कडक झळांपुढे तिचीही फुले टिकत नाहीत.

येथील माळ्यांनी म्हणून उन्हाशी झगडा न करता पंचांगच बदलले. पावसाळा सरताना टोमॅटोचे रोप तयार करावे, शरदात लावणी करावी, जानेवारीतील दवहिवापासून गवताच्या आडोशाने जपावे आणि लू सुटण्यापूर्वी फळे उतरवून घ्यावीत, असा हा क्रम आहे. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने ‘पुसा सदाबहार’सारखे अधिक उष्णता सोसणारे वाण काढले, परंतु ज्येष्ठातील लखनौपुढे त्यांचीही परीक्षाच असते.

सरकारी घरामागे चार हात जमीन लाभलेल्या आमच्या बांधवांनी गावाकडील वेळापत्रक येथे चालवू नये. भाद्रपद-आश्विनात आरंभ करावा. बदलीचे हुकूम बहुधा उन्हाळ्यातच निघतात. तोवर वाफा रिकामा झालेला असतो.