प्रसूतीच्या घटकेचें औषध



माझी धाकटी लेक अमेरिकेंत राहते. तिच्या बाळंतपणाला महिना राहिला असतां तेथील डॉक्टरांनीं कापसाच्या काडीनें स्रावाचा नमुना घेऊन तपासला. त्यांत ‘बी’ गटाचे स्ट्रेप्टोकॉकस जंतु सांपडले. तिला ताप नव्हता, कसलाच त्रास नव्हता. औषध मात्र आज नव्हे, वेणा सुरू झाल्यावर देऊं, असें तिला सांगण्यांत आलें. मी इतिहासाचा मास्तर. वैद्यक माझा विषय नव्हे. तरी जंतु आज सांपडले असतां औषधासाठीं महिनाभर थांबावयाचें, हें मनाला पटेना. म्हणून त्या जंतूची पूर्वपीठिका शोधूं लागलों.

१९३३ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत रेबेका लॅन्सफील्ड या विदुषीनें साखळीसारख्या दिसणाऱ्या या जंतूंचे गट पाडले. ‘ए’ गट माणसांच्या घशांत व सूतिकाज्वरांत आढळे. ‘बी’ गट गाईंच्या सुजलेल्या कांसेंत. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थहि ‘दूध नसणें’ असाच आहे. गोठ्यांतला हा जंतु माणसाला काय करणार, असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. १९३८ सालीं फ्राय यांनीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकपत्रांत या जंतूनें दगावलेल्या तीन बाळंतिणींची हकीकत छापली. पण तिचा फारसा गवगवा झाला नाहीं.

पुढें १९७० नंतर अमेरिकेंतील सूतिकागृहांत नवजात अर्भकें जन्मानंतर कांहीं तासांतच धापा टाकूं लागत, आणि त्यांच्या रक्तांत हाच जंतु निघे. त्या काळच्या कांहीं नोंदींत आजारी अर्भकांपैकीं निम्मीं दगावलेलीं आहेत. सुमारें चारांतल्या एका स्त्रीच्या अंगांत तो निमूटपणें वास करतो. तिला सहसा बाधत नाहीं, जन्मतांना मुलाला लागतो. अशा आयांच्या शंभर मुलांत एखाददुसरेंच आजारी पडतें, हें खरें. पण ज्या घरचें तें मूल, त्या घरीं शंभराचा हिशेब कोण करणार?

जन्मानंतर औषध द्यावें तर बहुधा उशीर झालेला. गरोदरपणीं द्यावें तर जंतु आंतड्यांतून पुन्हा परततात. उरते ती प्रसूतीचीच घटका. १९८६ सालीं शिकागोचे बॉयर व गोटॉफ यांनीं वेणा चालू असतां शिरेंतून अँपिसिलिन देऊन हें सिद्ध केलें.

मग वाद राहिला तो, औषध द्यावयाचें कोणाला? अपुऱ्या दिवसांची प्रसूति, ताप, पाणमोट फुटून लोटलेला वेळ, अशा लक्षणांवरून निवड करावी, कीं सर्वांनाच तपासावें? मूल गमावलेल्या आईबापांनीं रेटा लावला. १९९६ सालीं अमेरिकेनें दोन्ही रीति मान्य केल्या आणि २००२ सालीं सरसकट तपासणी पत्करली. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथें १०,००० जन्मांमागें सुमारें १८ अर्भकांना जन्मानंतरच्या आठवड्यांत हा रोग होई; २०१५ सालीं दोन-तीनांना. ब्रिटनच्या तज्ज्ञसमितीनें मात्र २०१७ सालींहि सरसकट तपासणी नाकारली; थोड्या मुलांसाठीं हजारों निरोगी आयांना प्रतिजैविक कां द्यावें, हा तिचा आक्षेप. तो पोकळ नाहीं. पण मुलीचा बाप या नात्यानें माझा कौल अमेरिकेकडे. आठवड्यानंतर उद्भवणारा रोग या उपायानें टळत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

जन्मापूर्वीं निदान चार तास औषध अंगांत जावें, असा तेथील दंडक आहे. लेकीला पेनिसिलिन सुरू केल्यावर नातू सहा तासांनीं जन्मला.