कोपऱ्यातली निर्गुडी

संपादक मंडळाने मला सांगितले, "काकू, तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात, तेव्हा सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." पण भूखंड कसा मिळाला, कन्व्हेयन्स कसा झाला, पाण्याच्या टाकीची गळती किती वर्षे चालली, हे सगळे या अंकात ज्यांनी प्रत्यक्ष केले त्यांनीच लिहिले आहे. म्हणून मी आपल्या एका जुन्या रहिवाशाचा इतिहास लिहायचे ठरवले. या रहिवाशाच्या नावावर शेअर सर्टिफिकेट नाही आणि मेंटेनन्सची थकबाकीही नाही. पंपरूमच्या मागे, पूर्वेच्या कुंपणाला लागून जी ओलसर पट्टी आहे, तिथली निर्गुडी.

आत्ताच लिहिण्याचे कारणही सांगते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर त्या पट्टीत पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करण्याचा विषय आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण मत देण्यापूर्वी तिथे काय उभे आहे, ते सर्वांना माहीत असावे.

निर्गुडी ही आपल्या मातीतली. नदीकाठी, ओढ्याच्या कडेला, शेताच्या बांधावर ती आपोआप येते. एका देठाला बहुधा पाच पाने, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी आणि खालून राखाडी-पांढुरकी. पान चुरगळले की उग्र वास येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरही फांद्यांच्या टोकांना निळसर-जांभळ्या बारीक फुलांचे तुरे लागतात आणि मधमाश्या दिवसभर तिथे असतात. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला तुळशीच्याच कुळात धरतात.

तिची कागदोपत्री ओळख फार जुनी आहे. कालिदासाच्या कुमारसंभवात पार्वती वसंतातल्या फुलांचे दागिने घालून येते, तिथे मोत्यांच्या माळेच्या जागी सिंधुवाराची फुले आहेत. हा सिंधुवार म्हणजे निर्गुडीचाच गोत्रज. भावप्रकाशात पांढऱ्या फुलांचा तो सिंदुवार आणि निळ्या फुलांची ती निर्गुंडी, असा भेद केलेला आहे. आणि पुस्तके कशाला? लोहगावजवळचे निरगुडी, फलटण तालुक्यातले निरगुडी, आंबेगाव तालुक्यातले निरगुडसर ही गावांची नावे नुसती उच्चारली तरी हेच झुडूप डोळ्यांपुढे येते.

पण तिच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग गोव्यात घडला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते, आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली त्याने गोव्यातच भारतातल्या औषधी वनस्पतींवर एक पुस्तक छापले. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. सगळे पुस्तक संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरे देतो, आणि मधूनमधून अँटोनिया नावाची दासी झाडपाला आणून दाखवते. त्यातल्या एका संवादाचा विषय आहे 'नेगुंडो'. हा नेगुंडो म्हणजे आपली निर्गुंडी, पोर्तुगीज कानांनी ऐकलेली.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. पुस्तक मात्र वाचले, कारण १५६७ मध्येच त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला होता. त्यातून आपल्या झाडपाल्याची नावे युरोपभर पोचली. आज पणजीतल्या एका बागेला ओर्ताचे नाव आहे. गोव्याला गेलात तर जरूर पाहा.

पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने जगातल्या वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावे देणारा आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात निर्गुडीचे नाव ठरले 'व्हायटेक्स नेगुंडो'. आणि त्याच ग्रंथात उत्तर अमेरिकेतल्या एका मेपल झाडाचे नाव ठरले 'एसर नेगुंडो', कारण त्याची पाने निर्गुडीसारखी दिसतात. तिकडे त्याला बॉक्स एल्डर म्हणतात. गंमत म्हणजे तेही मुख्यतः नदीकाठच्या ओलसर जमिनीतले झाड. आपल्या सोसायटीतली किती मुले अमेरिकेत आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना सांगा, घराजवळच्या ओढ्याकाठी बॉक्स एल्डर दिसला तर त्याच्या नावात आपल्या पंपरूममागची निर्गुडी आहे म्हणावे.

इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी विचारत असे, "हे लिहून कोणी ठेवले, आणि त्याला सांगितले कोणी?" ओर्ताचे नाव राहिले, लिनियसचे राहिले. पण निर्गुडीचा पाला कशाला वापरायचा, हे ओर्ताला इथल्याच माणसांनी सांगितले असणार. आपल्याकडे हे ज्ञान मुख्यतः बायकांच्या हातात राहिले. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला उकळायचा. सांधा धरला, मार लागून सुजला, तर पाला तव्यावर गरम करून शेकायचे. सर्दीला वाफारा. धान्याच्या कणगीत वाळलेला पाला, म्हणजे कीड लागत नाही. संध्याकाळी डासांना धुरी. (पोटात घ्यायचे औषध मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय नाही, हे आजी म्हणून सांगते.)

आपल्या निर्गुडीची गोष्टही अशीच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा पूर्वेच्या कुंपणापलीकडे उघडा ओढा होता. आता त्यावर स्लॅब आणि रस्ता आहे, पण जमिनीखालची ओल कुठे जाणार? ती आपल्या पट्टीत येते. पहिल्या कमिटीने हौसेने तिथे गुलाब लावले, ते मुळाशी कुजले. नंतर लॉन लावली, ती एका पावसाळ्यात पिवळी पडली. तेव्हाचे आपले वॉचमनकाका आणि त्यांच्या घरच्या मावशी पंपरूमशेजारच्या खोलीत राहत. मावशींनी ओढ्याकाठच्या निर्गुडीच्या चार फांद्या तोडून आणल्या आणि कुंपणाशी खोचल्या. मी विचारले तर म्हणाल्या, "अवो बाई, वलीत ह्येच जगतंय. आन सुनंचं बाळंतपण हाय, पाला लागंल."

चारही फांद्या जगल्या. त्या वर्षी त्यांच्या सुनेच्या अंघोळीला पाला झाला, आणि पुढे आपल्या तिन्ही विंगमधल्या कितीतरी बाळंतिणींना. ज्यांची अंघोळ त्या पाण्याने झाली त्यातल्या काही मुली आता नोकरीला लागल्या आहेत. वॉचमनकाकांचे कुटुंब गावी गेले त्यालाही बरीच वर्षे झाली. आपल्या कार्यालयातल्या फलकावर पहिल्यापासूनच्या सर्व अध्यक्ष-सचिवांची नावे आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण आपल्या आवारातले सर्वांत टिकलेले झाड लावणाऱ्या बाईची नोंद कुठेच नव्हती. ती या अंकात व्हावी, एवढ्यासाठीही हा लेख.

कोणाला निर्गुडी लावायची असेल तर कृती सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी अंगठ्याएवढ्या जाडीची, जून झालेली, वीत-दीड वीत लांब फांदी घ्यावी. खालचा काप तिरका द्यावा, म्हणजे उलटसुलट कळते. निम्मी फांदी, निदान दोन डोळे तरी, मातीत जाऊ द्यावे. वर दोन-तीन डोळे ठेवून पाने काढून टाकावीत. माती ओलसर हवी आणि दिवसातला बराच वेळ ऊन हवे. पावसात तासभर पाणी साचले तर ती कुरकुर करत नाही, पण लहान रोपाच्या मुळाशी कायमचे डबके नको. थोडी वाळू किंवा विटांचा चुरा मातीत मिसळला की काम भागते. नवी पालवी फुटली म्हणून लगेच उपटून मुळे बघू नयेत, हे आपल्या बालगोपाळांसाठी. वाढू दिली तर ती दीड-दोन पुरुष उंच होते. म्हणून फुलोरा सरला की दरवर्षी छाटावी, म्हणजे कुंपणाच्या उंचीत दाट राहते. खत नाममात्र, फवारणी नाहीच. पानांच्या उग्र वासामुळे शेळ्या-गुरेही तिच्या फारशी वाटेला जात नाहीत.

आता पेव्हर ब्लॉकबद्दल. ती पट्टी म्हणजे आपल्या आवारात पावसाचे पाणी मुरायला उरलेली जवळजवळ शेवटची उघडी जागा आहे. निर्गुडीची मुळे तिथली माती धरून ठेवतात, म्हणून कुंपणाची भिंत आजवर खचलेली नाही, असे माझे मत आहे. ओढे अडवले, झाकले, की पाणी कुठून वाट काढते, ते सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठी पुणेकरांनी पाहिले आहे. तिथे माणसे गेली. आपल्या पट्टीत बसतील चार गाड्या. त्या चार गाड्यांसाठी पश्चिमेच्या गेटजवळची, आधीच काँक्रीट केलेली आणि भंगार सामानाने अडलेली जागा मोकळी करता येईल. तसा लेखी पर्याय मी कमिटीकडे दिला आहे आणि सभेत तोच मांडणार आहे. सभासदांनी दोन्ही बाजू ऐकून ठरवावे. निर्णय काहीही झाला तरी तो सभेचा म्हणून मला मान्य असेल.

एक विनंती मात्र आत्ताच करते. मृगाचा पाऊस झाला की मी नेहमीप्रमाणे छाटणीच्या फांद्या पंपरूमपाशी बादलीत ठेवीन. प्रत्येक विंगने दोन-दोन न्याव्यात. आपापल्या मागच्या गटाराच्या कडेला, एसीचे पाणी ठिबकते तिथे, किंवा गावाकडच्या बांधावर लावाव्यात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या चार फांद्यांचे एवढे झाले, तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायला पुढच्या पिढीला पुष्कळ मिळेल. ती लिहिणाऱ्यांना आणि आपणा सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.