बिअर आंबता आंबता थांबते तेव्हा

ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात घरी बिअर बनविणे हा बागकाम वा सुतारकामासारखाच सुटीच्या दिवसाचा छंद मानला जातो. बहुतेकांचा श्रीगणेशा माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या डब्याने होतो, आणि पहिली अडचणही बहुधा एकच असते. चार-पाच दिवस जोमाने बुडबुडे सोडणारे भांडे एकाएकी शांत होते. बिअर तयार झाली की मध्येच अडली, हे वरून पाहून कळत नाही. प्रश्न केवळ चवीचा असता तर गोष्ट वेगळी होती. अडलेली बिअर तयार समजून बाटल्यांत भरली, तर काही आठवड्यांनी त्या बाटल्या काचेचे तुकडे उडवत फुटू शकतात.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेली बार्ली, अर्थात सातू. नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याची रीत आपल्याकडे आहेच, तत्त्व तेच. मोड येताना दाण्यात अमायलेज जातीची विकरे तयार होतात. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात ठेवले की ही विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. कारखान्यात हा गोड काढा कमी दाबाखाली आटवून काकवीसारखा दाट पाक करतात, किंवा फवारून कोरडी पूड बनवितात. घरी करणाऱ्याचे अर्धे काम त्यामुळे आधीच झालेले असते. मात्र त्याची किंमतही आहे. काढ्यातील साखरेपैकी किती यीस्टला पचेल आणि किती न पचणारे डेक्स्ट्रिन उरेल, हे कारखान्यातील तापमानानेच ठरून गेलेले असते. डबा उघडणाऱ्याच्या हाती ते नसते.

या डब्याला इतिहासही आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात मद्यनिर्मिती कंपन्यांनी माल्टचा पाक विकून तग धरला. डब्यावर उल्लेख पाव भाजण्याचा असे; पाक कुठे जातो हे सर्वांना ठाऊक होते. दारूबंदी उठली तरी घरगुती बिअरला तेथे कायदेशीर मान्यता मिळायला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये विधेयकावर सही करेपर्यंत थांबावे लागले. ब्रिटनमध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये परवान्याची अट काढून टाकली होती. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य बनविणे गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी सुटीत येताना हा छंद तिकडेच ठेवून यावा हे बरे.

कृती थोडक्यात अशी. सुमारे १.७ किलोचे दोन डबे गरम पाण्यात विरघळवून एकूण २३ लिटर द्रव करायचा, तो २० अंशांपर्यंत निववायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. हॉप्स बहुतेक डब्यांत आधीच असतात. भांडी निर्जंतुक हवीत, यावर सगळे पाठ देतात. मोजमापावर कमी बोलले जाते, आणि घोटाळा तिथेच होतो.

मोजमापाचे साधन हायड्रोमीटर, म्हणजे दूध तपासणाऱ्या लॅक्टोमीटरचा भाऊबंद. शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवितो, वरील मिश्रणात सुमारे १.०४४. साखरेचे अल्कोहोल होत जाते तसा आकडा उतरतो. साधारण पाऊण भाग उतार झाला, म्हणजे आकडा १.०११ च्या आसपास आला, की किण्वन संपले असे धरतात. दोन आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण मिळते. येथे ते सुमारे ४.३ टक्के येईल. एअरलॉकमधील बुडबुडे हा पुरावा नव्हे. झाकण सैल असेल तर वायू कडेने निघून जातो, आणि किण्वन संपलेल्या भांड्यातही खोली तापली की बुडबुडे येतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेला हायड्रोमीटरचा आकडा तेवढा खरा.

तोही जपून वाचावा लागतो. नळीला चिकटलेले वायूचे फुगे तिला वर उचलतात, म्हणून ती गर्रकन फिरवून मग वाचावी. सुरुवातीचा आकडा चुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दाट पाक तळाशी बसणे आणि नमुना वरच्या पाण्याचा घेतला जाणे. अशा वेळी डब्यांच्या वजनावरून केलेला हिशेबच अधिक भरवशाचा. रिफ्रॅक्टोमीटर वापरणाऱ्यांची फसगत तर ठरलेली. अल्कोहोलमुळे त्याचे वाचन बिघडते आणि १.०११ वर पोचलेली बिअर तो १.०२३ च्या घरात दाखवितो. किण्वन अडल्याच्या अनेक तक्रारी इथेच निकालात निघतात.

हायड्रोमीटरच १.०२० वर थांबला असेल, तर मग शोध घ्यावा. पहिला संशयित थंडी. एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. रात्री स्वयंपाकघर १२-१३ अंशांवर गेले की ते गोळा होऊन तळाशी बसते. पुण्याच्या थंडीत इडलीचे पीठ फुगत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगायला नको, जरी तेथील जंतू वेगळे असले तरी. दुसरे कारण यीस्ट अपुरे किंवा मृतप्राय असणे. डब्याच्या झाकणाखालची छोटी पुडी दुकानात किती उन्हाळे काढून आली असेल, याचा नेम नसतो. तिसरे, उकळलेल्या पाण्यात प्राणवायू उरत नाही आणि यीस्टला वाढीसाठी सुरुवातीला तो लागतो. चौथे कारण काटकसरीचे: दुसऱ्या डब्याऐवजी किलोभर साधी साखर घातली की यीस्टला पोसणारी नत्रद्रव्ये विरळ होतात.

आणि कधी कधी काहीच अडलेले नसते. डेक्स्ट्रिन जास्त असलेला गडद एक्स्ट्रॅक्ट १.०१८-१.०२० वर स्वाभाविकपणेच थांबतो. हे ओळखण्याची सोपी परीक्षा अशी: पेलाभर बिअर वेगळी काढून तिच्यात भरपूर ताजे यीस्ट घालावे आणि २५ अंशांच्या उबेत अधूनमधून हलवत तीन दिवस ठेवावी. त्या पेल्यातील आकडा उतरला नाही, तर भांड्यातील बिअर पूर्ण झाली आहे. उतरला, तर किती उतार शिल्लक आहे तेही कळले.

उतार शिल्लक असेल तर आधी भांडे २० ते २२ अंशांवर आणून तळाचे यीस्ट हलकेच ढवळावे आणि तीन-चार दिवस वाट पाहावी. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. घुसळून हवा मात्र मुळीच घालू नये; या टप्प्यावर प्राणवायू मिसळला की बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तरीही हालचाल नसेल, तर नवी पुडी वरून भुरभुरण्यात अर्थ नाही. अल्कोहोल असलेल्या, साखर कमी उरलेल्या द्रवात कोरडे यीस्ट क्वचितच जोर धरते. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्टची पूड उकळून निववावी, त्यात यीस्ट घालावे, आणि ते फेसाळून ऐन भरात आले की भांड्यात ओतावे. विकरांची पूड हा अगदी शेवटचा उपाय. ती डेक्स्ट्रिनही फोडते, पण कुठे थांबेल ते सांगता येत नाही, आकडा १.००० पर्यंत घसरून बिअर पाणचट होते.

घाईचा हिशेब आकड्यांत मांडला तर असा दिसतो. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. १.०२० वर अडलेल्या बिअरला १.०११ गाठायचे असेल, तर तिच्यात लिटरमागे सुमारे १८ ग्रॅम पचणारी साखर शिल्लक असते. नेहमीच्या अडीचपट, आणि त्यावर पुन्हा फेसासाठीची साखर. साधी बिअरची बाटली एवढ्या दाबासाठी बनविलेली नसते. उन्हाळा आला, फडताळातले यीस्ट जागे झाले की एक बाटली फुटते आणि तिच्या धक्क्याने शेजारच्याही.

अशा बाटल्या आधीच भरल्या गेल्या असतील, तर जाड हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून त्या न हलवता फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पुरत्या गार झाल्यावर बूच किंचित सैल करून वायू सोडावा आणि पुन्हा बंद करावे. एखादी बाटली आधीच फुटली असेल, तर बाकीच्यांना हात न लावता वर जाड घोंगडी टाकून एक दिवस जाऊ द्यावा.